आधी संरक्षण, मग समेट

आपल्याकडे मार खाऊन मुलगी माहेरी आली, की तिच्यापुढे दोनच वाटा आहेत असं घरातले, मोहल्ल्यातले सगळे धरून चालतात. पहिली वाट जमातीच्या बैठकीची. चार बुजुर्ग बसतात, दोन्हीकडच्यांना समजावतात, नवरा मान खाली घालून 'आइंदा ऐसा नहीं होगा' म्हणतो आणि मुलगी परत जाते. दुसरी वाट पोलीस ठाण्याची. नवऱ्यासोबत सासू, दीर, नणंद अशी सगळ्यांची नावं फिर्यादीत येतात आणि त्या दिवसापासून संसार संपला असं दोन्ही घरं समजतात. ही वाट लोकांच्या तोंडी अजून 'चारशे अठ्ठ्याण्णव' याच नावाने आहे. जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत ८५ क्रमांकाने गेलं, तरी नाव तेच राहिलं. घर मोडायचं नसतं म्हणून बहुतेक जणी पहिली वाट धरतात आणि त्याच घरात, त्याच हाताखाली पुन्हा जातात.

ऑक्टोबर २००६ पासून एक तिसरी वाटही खुली आहे. 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' हे तिचं लांबलचक नाव. वकील मंडळी तिला नुसतं 'डी. व्ही.' म्हणतात. या कायद्याखाली न्यायदंडाधिकारी जो संरक्षण आदेश देतात, त्याने तलाक होत नाही, निकाह जसाच्या तसा राहतो, नवऱ्याला अटकही होत नाही. त्याला एवढंच बजावलं जातं की यापुढे हात उचलायचा नाही, धमकी द्यायची नाही, हिला घराबाहेर काढायचं नाही. हेच बैठकीतही सांगतात. फरक हा, की इथे सांगणारं न्यायालय असतं आणि न ऐकल्यास काय होईल हे आधीच ठरलेलं असतं.

मी बार्शीटाकळीत उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही लिप्या येतात म्हणून बाया माझ्याकडे कागद वाचून घ्यायला येतात. रेशनचा, बँकेचा, कधी न्यायालयाचा. कधी एखादी जमातीत झालेला समझोतानामा घेऊन येते. माझ्या पाहण्यातल्या अशा समझोतानाम्यांत एक वाक्य हमखास असतं, की 'दोघांनी यापुढे एकमेकांशी नीट वागावे.' मारणाऱ्याला आणि मार खाणारीला एकच ताकीद. आणि ताकीद मोडली तर काय, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नसतं.

म्हणून या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. समेटाला माझा विरोध नाही. पण समेट संरक्षणाच्या नंतर यावा, संरक्षणाच्या बदल्यात नको. आधी बाई सुरक्षित व्हावी, तिच्या हातात न्यायालयाचा कागद असावा, आणि मग ज्यांना बसायचं असेल त्यांनी बैठकीला बसावं.

कायद्यात नेमकं काय आहे

आधी कायदा साध्या शब्दांत सांगते, कारण त्याबद्दल आपल्याकडे गैरसमजच जास्त आहेत.

हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे, असं हा कायदा म्हणतो. शिवीगाळ, मुलगा होत नाही म्हणून टोमणे, लैंगिक जबरदस्ती, घरखर्चाला पैसे न देणं, बाईची मजुरी काढून घेणं, तिचे दागिने परस्पर मोडणं, हे सगळं त्यात येतं. अर्ज फक्त बायकोच करू शकते असंही नाही. मुलाचा मार खाणारी आई, भावाने घराबाहेर काढलेली बहीण, यांनाही हा कायदा लागू आहे.

संरक्षण आदेशात न्यायदंडाधिकारी काय काय लिहू शकतात ते पाहा. नवऱ्याने हिंसा करू नये आणि दुसऱ्याकडून करवू नये. बाई कामाला जाते तिथे जाऊ नये. मूल असेल तर त्याच्या शाळेत जाऊ नये. फोन करू नये, मेसेज पाठवू नयेत. दोघांच्या नावावरचं किंवा तिचं स्त्रीधन विकू नये. तिला मदत करणाऱ्या भावाला, शेजाऱ्याला त्रास देऊ नये. याशिवाय वेगळा निवास आदेश मिळतो. घर कोणाच्याही नावावर असो, संसार जिथे झाला त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. ते घर सासऱ्याच्या नावावर आहे, एवढ्या कारणावरून तिला बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केलं. गरज पडली तर नवऱ्यालाच त्या घरातून बाहेर राहायला सांगता येतं, किंवा तिच्यासाठी दुसऱ्या घराचं भाडं द्यायला लावता येतं. खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई हे त्याच अर्जात मागता येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंतरिम आदेश. अंतिम निकालाची वाट न पाहता, बाईच्या प्रतिज्ञापत्रावर, गरज वाटली तर समोरच्याला ऐकण्याआधीच न्यायदंडाधिकारी तात्पुरता आदेश देऊ शकतात. असा अंतरिम किंवा अंतिम संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे तुरुंगाची वेळ येते ती बाईने अर्ज केल्यामुळे येत नाही. न्यायालयाने बजावल्यावरही नवऱ्याने हात उचलला, तर येते. तिथपर्यंत जायचं की नाही, ते त्याच्याच हातात आहे.

'खोट्या केसेस फार होतात' असं म्हणणाऱ्या भावांना मी हेच सांगते. ज्यांना एका फिर्यादीत अख्खं घर अडकण्याची भीती वाटते, त्यांनी तर या कायद्याचं स्वागत करायला हवं. अर्ज केला म्हणून कोणी उचलून नेत नाही. न्यायदंडाधिकारी दोघांचं ऐकतात. परिस्थिती बदलली तर आदेश बदलून घेता येतो. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील आहे.

माहेरी आलेल्या मुलीला आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. सासर वाशीमला असो की मुंबईला, ती सध्या जिथे राहते आहे तिथल्या न्यायालयात तिला अर्ज करता येतो. तात्पुरती राहत असली तरी. बार्शीटाकळीच्या मुलीला सासरच्या गावी तारखांना जावं लागत नाही.

'हा आपला कायदा नाही'

हे वाक्य मी खूपदा ऐकलं आहे, आणि ते म्हणणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. गेल्या काही वर्षांत कायदा, मुस्लिम बाई आणि सरकार हे तीन शब्द एकत्र आले की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. जुलै २०१९ मध्ये तीन तलाकचा कायदा आला. त्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बायकोला टाकून देणारे नवरे सगळ्याच समाजात आहेत, मग तुरुंग आपल्यालाच का, हा प्रश्न मलाही पडतो. टीव्हीवर मुस्लिम बाईच्या दुःखाचा जो बाजार भरतो, तो पाहून तर बाईच म्हणते, 'आपा, हमारी बदनामी नको. उनको बोलने को और एक बात मिल जायेगी.' घरात नवरा मारतो आणि बाहेर तिच्या जखमेवर दुसरेच आपलं राजकारण शेकतात. या दोघांच्या मध्ये ती गप्प बसते.

ही भीती खरी आहे. पण त्या भीतीची किंमत कोण मोजतं, ते पाहा. समाजाची अब्रू वाचवायची जबाबदारी आपण सर्वांत दुबळ्या माणसाच्या पाठीवर टाकली आहे.

शिवाय २००५ चा कायदा कोणा एका समाजासाठी आलेला नाही. त्यात धर्माचा उल्लेख करून कोणाला वगळलेलं नाही की कोणाला निवडलेलं नाही. हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्या घरांना तो सारखाच लागतो. आणि तो चालू असलेल्या कोणत्याही कायद्याला बाद करत नाही, त्यांच्या जोडीला उभा राहतो, असं त्यातच लिहिलं आहे. मेहर, इद्दत, खुला, यांपैकी कशालाही तो हात लावत नाही.

तरी नवऱ्यांनी न्यायालयात हा मुद्दा काढून पाहिला आहे. 'आम्ही मुसलमान, आम्हाला वैयक्तिक कायदा लागू, डी. व्ही. लागू नाही' हे म्हणणं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दारूवाला खटल्यात फेटाळलं. न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी सांगितलं की हे संरक्षण कोणत्याही धर्माच्या स्त्रीला आहे. त्याआधी २०१४ मध्ये मुंबईच्याच जुवेरिया पटणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे दुसरा प्रश्न आला होता. खुला किंवा तलाक झाल्यावर नवरा-बायकोचं नातंच उरलं नाही, मग अर्ज कसा चालेल? न्यायालयाने म्हटलं, की नातं असताना हिंसा झाली असेल, तर नंतरच्या तलाकने नवऱ्याची जबाबदारी पुसली जात नाही. आपल्याकडे अर्जाची कुणकुण लागताच 'तलाक देऊन टाकला' असा कागद पोस्टाने पाठवणारे महाभाग आहेत. त्यांच्यासाठी हा निकाल महत्त्वाचा. तलाक दिला म्हणण्याने तो होत नाही, त्याची कारणं आणि त्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो, हे तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने लातूरच्या दगडू पठाण खटल्यात २००२ मध्येच सांगितलं आहे.

आणि आपण एकटेच मुसलमान नाही. मलेशियात कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा १९९४ मध्ये झाला. तिथेही 'मुसलमानांना तो लागू व्हावा का' असा वाद झाला. तिथल्या मुस्लिम बायांनीच लावून धरलं आणि कायदा सगळ्यांना लागू झाला. इंडोनेशियाने २००४ मध्ये, बांगलादेशाने २०१० मध्ये असे कायदे केले. या देशांत त्यामुळे दीन बुडाला असं कोणी म्हणत नाही.

दीन काय सांगतो

कुरआनात एक सूरह आहे, सूरह मुजादिला. नावाचा अर्थच वाद घालणारी, तक्रार मांडणारी बाई. हजरत खौला बिन्ते सालबा (र.) यांच्या नवऱ्याने जिहार केला, म्हणजे बायकोला आईसमान ठरवून लटकत ठेवलं. त्या गप्प घरी बसल्या नाहीत. प्रेषितांकडे (स.) गेल्या, आपली बाजू मांडत राहिल्या. सूरहच्या सुरुवातीलाच येतं, की अल्लाहने त्या बाईचं म्हणणं ऐकलं आहे. नवऱ्याविरुद्ध दाद मागणाऱ्या बाईला 'घरची गोष्ट बाहेर का काढली' असं तिथे कोणी विचारलेलं नाही. तिच्या तक्रारीवर हुकूम उतरला, आणि नवऱ्याला प्रायश्चित्त सांगितलं गेलं.

सूरह तलाक वाचा. तलाक दिल्यावरही इद्दतीत बाईला तिच्या घरातून काढू नका, आपल्या ऐपतीप्रमाणे आपण राहतो तिथे तिला ठेवा, तंग करण्यासाठी तिला त्रास देऊ नका, असा त्याचा आशय आहे. चौदा शतकांपूर्वीचा हा हुकूम आणि २००५ चा निवास आदेश शेजारी ठेवून पाहा. आपण मात्र निकाहात असलेल्या बाईला रात्री अकराला घराबाहेर काढतो आणि सकाळी बैठकीत विचारतो, 'तू घर का सोडलंस?'

सूरह निसाच्या ३४ व्या आयतीचा हवाला देणारे भाऊ नेहमी भेटतात. त्यांनी हजरत आयेशा (र.) यांची साक्षही सांगावी, की प्रेषितांनी (स.) आपल्या हाताने कधी कोणत्या बाईला मारलं नाही. अबू दाऊदच्या हदीस संग्रहात नोंद आहे, की नवऱ्यांच्या मारहाणीची तक्रार घेऊन पुष्कळ बाया प्रेषितांच्या घरी आल्या, तेव्हा असे नवरे तुमच्यातले भले लोक नव्हेत, असं त्यांनी सुनावलं.

आता बैठकीचा आधार. सूरह निसाची ३५ वी आयत. नवरा-बायकोत फूट पडेल अशी भीती असेल, तर एक पंच त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमा. एक आणि एक. दोघींचं वजन सारखं. आपल्या बैठका या मापाने मोजून पाहा. बाई आतल्या खोलीत असते आणि तिचं म्हणणं तिचा भाऊ सांगतो, तेही अर्धं गिळून, कारण त्याला बहीण परत पाठवायची घाई असते. पंचांत बाई एकही नसते. आणि बाईला रात्री परत त्याच घरात जायचं आहे हे माहीत असताना ती पंचांसमोर काय खरं बोलणार? भीतीखाली झालेल्या होकाराला समेट म्हणता येत नाही. म्हणून मी म्हणते की संरक्षण आदेश बैठकीच्या आड येत नाही. उलट, बैठक खरी व्हायची असेल तर तो आधी हवा. कायद्यातही न्यायदंडाधिकारी दोघांना समुपदेशनाला पाठवू शकतात अशी तरतूद आहे. समेटाचं दार तिथेही उघडं आहे. फक्त तिथे बाई भिऊन बसलेली नसते.

गाडी अडते कुठे

इतका चांगला कायदा असून तो बाईच्या हाती का पडत नाही? सगळा दोष जमातीवर टाकला तर तो अन्याय होईल. सरकारचा वाटा मोठा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा कधीकाळी विवाहित अशा स्त्रियांपैकी २५ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. म्हणजे चौघींत एक. त्याच सर्वेक्षणात देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के बायांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. ७७ टक्के बायांनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. हे आकडे सगळ्या समाजांचे आहेत. गप्प बसणं ही काही फक्त मुस्लिम मोहल्ल्याची गोष्ट नाही.

ज्या सांगतात, त्या बहुधा आधी पोलीस ठाण्यात जातात. या कायद्याप्रमाणे तिथल्या अधिकाऱ्याने बाईला सांगायलाच हवं की तुला संरक्षण आदेशासाठी अर्ज करता येतो, संरक्षण अधिकारी अमुक आहेत, वकील मोफत मिळतो. प्रत्यक्षात काय होतं? एका बाईने तिच्या हातातला कागद मला दाखवला. ती अदखलपात्र नोंद होती, ज्याला सगळे 'एन. सी.' म्हणतात. तिला वाटत होतं केस झाली. त्या कागदाने पुढे काहीच होणार नव्हतं, आणि दुसरी वाट आहे हे तिला त्या ठाण्यात कोणी सांगितलं नव्हतं.

या कायद्याचा कणा आहे संरक्षण अधिकारी. बाईची हकिकत ठरलेल्या नमुन्यात लिहून घटनेचा अहवाल तयार करणं, अर्ज न्यायालयात देणं, वैद्यकीय तपासणी करवणं, नोटीस पोहोचवणं, निवाऱ्याची सोय पाहणं, हे त्यांचं काम. आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण, हे पिंजर, महान किंवा धाब्याच्या दहा बायांना विचारून पाहा. नावाचं सोडा, असा कोणी अधिकारी असतो हेच माहीत नसतं. अनेक ठिकाणी हे काम दुसऱ्याच जबाबदाऱ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या गळ्यात अतिरिक्त म्हणून बांधलेलं असतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना बजावावं लागलं, की महिला व बालविकास खात्यातले अधिकारी शोधून जिल्हा आणि तालुका पातळीवर सहा आठवड्यांत संरक्षण अधिकारी नेमा, आणि कायद्याची माहिती लोकांपर्यंत न्या. कायदा लागू होऊन तेव्हा अठरा वर्षं उलटून गेली होती.

संरक्षण अधिकाऱ्याच्या अहवालाशिवाय अर्जच घेत नाहीत, असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे. बाई थेट किंवा वकिलामार्फत न्यायालयात गेली, तर असा अहवाल नसला तरी आदेश देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रभा त्यागी खटल्यात सांगितलं.

मग तारखा. कायदा म्हणतो, अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली सुनावणी, दोन दिवसांत नोटीस पोहोचवणं आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न. ज्यांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना हे वाचून हसू येईल. कापूस वेचणीच्या दिवसांत एक तारीख म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, वर जाण्या-येण्याचं भाडं, आणि कडेवर मूल. समोरचा नोटीस घेत नाही, वकील पुढची तारीख मागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या तारखेला बाई म्हणते, 'जाने दो.' मग लोक म्हणतात, खरं असतं तर सोडलं असतं का? अशा वेळी अंतरिम आदेश पहिल्या तारखेलाच मागणं हाच उपाय आहे, आणि तो मागायला चांगला वकील लागतो. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्यानेच तो हक्क दिला आहे.

आणि माझ्या विषयाची गोष्ट, भाषेची. उर्दू माध्यमात दहावी झालेल्या मुलीला मराठी येतं, बाजारापुरतं आणि परीक्षेपुरतं. 'गैरअर्जदार', 'प्रतिज्ञापत्र', 'अंतरिम', 'समुपदेशन' या शब्दांपाशी ती थांबते. गंमत अशी, की न्यायालयाच्या जुन्या मराठीत अर्ज, फिर्याद, कैफियत, हुकूम, जामीन, मनाई असे शब्द होते, जे तिला घरबसल्या कळतात. 'संरक्षण आदेश' म्हटलं की ती माझ्याकडे बघत राहते. 'हिफाजत का हुकूम' म्हटलं की डोळ्यांत एकदम उजेड येतो. 'ऐसा भी होता क्या, आपा?' हा प्रश्न मी कितीदा ऐकला असेन.

आपल्या गावात काय करता येईल

एक, जमातीने. मारहाणीची तक्रार आली, तर बाईला वेगळं बसवून, एखाद्या जाणत्या बाईच्या समोर तिचं म्हणणं ऐका. अंगावर खुणा असतील तर आधी सरकारी दवाखाना, मग न्यायालयात अर्ज, मग बैठक. सदर साहेबांनी आणि मौलाना साहेबांनी एवढा क्रम पाळायचा ठरवला, तरी किती तरी घरं वाचतील. जुम्याच्या खुतब्यात वर्षातून एकदा तरी हा विषय यावा. मौलाना साहेबांनी हजरत खौलांची (र.) गोष्ट सांगितली, तर मागच्या सफेत बसलेला मारकुटा नवराही ऐकेल.

दोन, शाळांनी. घरात मार असेल तर तो मुलाच्या वहीत, झोपेत, गैरहजेरीत दिसतो. या कायद्याप्रमाणे कोणीही माणूस, शेजारी, शिक्षक, आशा, अंगणवाडी सेविका, संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो. नेक इराद्याने दिलेल्या माहितीसाठी त्याच्यावर कसलीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. 'आपण कशाला मध्ये पडा' असं म्हणायला कायद्याने जागा ठेवलेली नाही. आणि आदेशात शाळेचं नाव घालता येतं हे मुख्याध्यापकांना माहीत असावं. म्हणजे बाप दारूच्या नशेत मुलाला ओढून न्यायला आला, तर त्याला फाटकावर थांबवायला आधार असतो.

तीन, प्रशासनाने. संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर तहसील कार्यालय, पंचायत समिती, पोलीस ठाणे, दवाखाना आणि बसस्थानकावर मोठ्या अक्षरांत लावा. मराठीत आणि उर्दूत. उर्दूत कशाला, असं कोणी म्हणेल तर त्याला शेजारच्या पातूरला पाठवा. तिथल्या नगर परिषदेच्या फलकावरच्या उर्दूचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तो फलक कायम ठेवला. गावाच्या नावाची पाटी उर्दूत असू शकते, तर बाईच्या जिवाची पाटी का नको? अर्जाच्या नमुन्यासोबत सोप्या उर्दूतलं एक पान जोडायला फार खर्च येत नाही. ते लिहून द्यायला माझ्यासारखे शिक्षक तयार आहेत.

तोवर हे नंबर लिहून ठेवा, आणि पोरींच्या वह्यांच्या मागच्या पानावर लिहून द्या. तातडीची पोलीस मदत ११२. महिला हेल्पलाइन १८१. मोफत कायदेशीर मदत १५१००. रात्री डोक्यावर छप्पर नसेल तर 'सखी वन स्टॉप सेंटर'मध्ये पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळण्याची योजना आहे. १८१ वर फोन केला की तिथला पत्ता मिळतो.

आदेशाचा कागद हातात आला म्हणजे सगळं झालं, असं मी म्हणत नाही. कागद मारणाऱ्याचा हात धरत नाही. पण ज्या बाईकडे तो असतो, तिच्या एका फोनवर पोलिसांना 'नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी जा' म्हणता येत नाही, आणि बैठकीतल्या पंचांनाही तिला 'अजून एक मौका दे' म्हणताना दहादा विचार करावा लागतो. पुढची बैठक बसेल तेव्हा आपल्यापैकी जो कोणी तिथे असेल, त्याने 'मुलगी परत कधी पाठवता' असं विचारण्याआधी 'हिने अर्ज केला का' एवढं विचारावं. केला नसेल, तर बैठक त्या दिवशी तिथेच थांबवावी आणि तिला न्यायालयापर्यंत सोबत करावी.